दमा, ॲलर्जी आणि शुगर: तिन्ही असताना नवं औषध सुरू करायचं तर

औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की एक दृश्य नेहमीचं असतं. एकाच माणसाच्या हातात तीन चिठ्ठ्या. छातीच्या डॉक्टरांनी पंप आणि आठवडाभराच्या स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिलेल्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे आणि रात्रीची ॲलर्जीची गोळी, आणि शुगरच्या डॉक्टरांनी नुकतंच सुरू केलेलं इन्सुलिन. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण तिन्ही कागद एकत्र असतात ते फक्त पेशंटच्या पिशवीत, आणि त्याला त्यातलं अक्षरही लागत नाही.

हे लिखाण अशा पिशवीवाल्यांसाठी आहे. कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. ते घ्यायचं कसं, पहिल्या काही आठवड्यांत नजर कशावर ठेवायची आणि कोणता प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठायचं नाही, एवढंच इथे सांगतो.

पायरी पहिली: घरातलं सगळं एका पिशवीत

नवं औषध सुरू करण्याआधी घरात जे जे घेतलं जातं ते एका पिशवीत भरा आणि तिन्ही डॉक्टरांना दाखवा. सगळं म्हणजे सगळं: बीपीची गोळी, डोळ्यांचे थेंब, गुडघ्यासाठीची पेनकिलर, आयुर्वेदिक चूर्ण, कोणीतरी गावाहून आणून दिलेली पुडी.

डोळ्यांच्या थेंबांचं नाव ऐकून लोक हसतात. पण काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब नाकाच्या वाटेने रक्तात उतरतात आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतात. टिमोलॉल ज्या गटातलं, त्याच गटातली प्रोप्रानोलॉल ही गोळी मायग्रेनसाठी, हात थरथरण्यासाठी किंवा घाबरेपणासाठी सर्रास दिली जाते. दम्यात ती नकोच, आणि शुगर उतरल्यावर होणारी धडधड ती झाकून टाकते. म्हणजे दोन्ही बाजूंनी नडणारं औषध. याच गटातल्या मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल या हृदयाच्या गोळ्यांचा धोका कमी असतो आणि काहींना त्या लागतातच. त्यामुळे यातली कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका, कारण ती एकदम थांबवणंही धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारा: “मला दमा आहे, ही चालेल ना?”

दुसरी गफलत खोकल्याची. मधुमेहात बीपीसाठी आणि किडनी जपण्यासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल देतात. या गोळ्यांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. कधी गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. दमा असलेल्या माणसाला खोकला आला की सगळे दम्याकडेच बोट दाखवतात आणि पंपाचा डोस वाढत जातो. खोकला नेमका कधी सुरू झाला आणि त्याआधी कोणती गोळी नवी लागली होती, याची तारीख सांगता आली तर डॉक्टर ती गोळी बदलून टेल्मिसार्टनसारखी दुसरी देऊ शकतात. खोकला काही आठवड्यांत जातो.

तिसरी गोष्ट ॲस्पिरिन आणि पेनकिलरची. हृदयासाठी छोट्या डोसची ॲस्पिरिन अनेक मधुमेहींना चालू असते. दमा असलेल्या बहुतेकांना ती सोसते. पण ज्यांच्या नाकात मांस वाढतं (पॉलिप), वास येत नाही, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतल्यावर तास-दोन तासांत नाक गळून धाप लागते, त्यांच्यासाठी या गटातली प्रत्येक गोळी घातक ठरू शकते. असं एकदाही झालं असेल तर ते फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल साधारणपणे चालते.

आता पुडी. “दम्यावर रामबाण” म्हणून लेबल नसलेली पुडी चार दिवसांत जादू दाखवत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी. चेहरा गोल होणं, पोट सुटणं, शुगर अचानक चढणं ही त्याची खूण. मात्र अशी पुडी महिनोन् महिने घेतली असेल तर भीतीने एका दिवसात सोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, आणि पुरवठा एकदम तुटला तर माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांना खरं सांगा. ते रागावतील, पण मार्ग काढतील.

चांगल्या कंपनीच्या चूर्णातही एक मेख असते. सितोपलादी चूर्णाच्या मूळ पाठात १६ भाग खडीसाखर असते आणि बाकी चार घटक मिळून १५ भाग. वर ते मधातून चाटायचं. खोकल्यासाठी दिवसातून तीनदा घेणाऱ्या मधुमेहीने ते हिशोबात धरायलाच हवं. च्यवनप्राश, आल्याच्या वड्या, गूळ घातलेला काढा आणि साधं कफ सिरप यांचंही तेच. सिरप लागलंच तर ‘शुगर फ्री’ मागा. मागितल्याशिवाय ते कोणी देत नाही.

पायरी दुसरी: सुरुवातीचे आकडे

एक वही घ्या, शाळकरी दोनशे पानी पुरते. मोबाईलचं ॲप वापरत असाल तर वापरा, पण डॉक्टरच्या टेबलावर वही जितकी पटकन उघडते तितकं ॲप उघडत नाही, हे माझं मत.

नवं औषध सुरू होण्याआधीचे निदान तीन-चार दिवसांचे आकडे त्यात हवेत: उपाशीपोटीची शुगर, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची, आणि रात्रीच्या जेवणाआधीची. दम्यासाठी पीक फ्लो मीटर नावाची नळी मिळते. जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. तब्येत उत्तम असतानाचा तुमचा सर्वोत्तम आकडा हा तुमचा शंभर टक्के. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असाल तर ठीक, ८० ते ५० च्या मध्ये असाल तर सावध, ५० च्या खाली म्हणजे रुग्णालय. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका; उंची, वय आणि बाई की पुरुष यावर तो बदलतो.

शक्य असेल तर डॉक्टरांना विनंती करा की एका वेळी एकच बदल करू. पंप बदलला, शुगरची गोळी बदलली आणि ॲलर्जीचीही नवी सुरू केली, आणि चौथ्या दिवशी अंगावर पित्त उठलं, तर दोषी कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. घाईची परिस्थिती असेल तेव्हा ही चैन नसते, तेव्हा निदान कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं एवढं लिहून ठेवा.

पायरी तिसरी: पंप नीट शिकणं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि श्वास इथेच वाया जातो.

पंप दोन प्रकारचे. एक लगेच आराम देणारा, सालब्युटामॉलचा, बहुतेकदा निळा. दुसरा रोजचा, सूज कमी ठेवणारा, ज्यात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टेरॉइड असतं. निळ्याने पाच मिनिटांत बरं वाटतं म्हणून लोक तोच जपतात आणि दुसरा ‘गरज नाही’ म्हणून कपाटात ठेवतात. दम्याच्या उपचाराची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री मोठा झटका येतो. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप काहींना रोजच्यासाठी आणि तातडीसाठी असा दोन्हीकडे देतात. तुमचा तसा आहे का ते विचारून घ्या, कारण प्रत्येक जोड-पंप तातडीला चालत नाही.

“स्टेरॉइड म्हणजे शुगर वाढणार” हे वाक्य मधुमेही पेशंट मला रोज ऐकवतात आणि रोजचा पंप परत करू बघतात. त्यांच्यासाठी एक हिशोब. ब्युडेसोनाइडच्या पंपाचा एक सर्वसाधारण डोस २०० मायक्रोग्रॅम दोन वेळा, म्हणजे दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलीग्रॅम. दम्याचा झटका आला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात त्या साधारण ४० मिलीग्रॅम रोज, पाच ते सात दिवस. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे तराजू तंतोतंत नाही, पण कुठे ०.४ आणि कुठे ४०. पंपातलं औषध थेट छातीत जातं. नेहमीच्या डोसमध्ये शुगरवर त्याचा परिणाम नगण्य असतो. मोठा डोस वर्षानुवर्षं चालू असेल तर थोडा होऊ शकतो, म्हणून दमा आटोक्यात आल्यावर डॉक्टर डोस कमी करत आणतात. शुगरच्या भीतीने पंप टाळला, तर झटका येऊन गोळ्याच गिळाव्या लागतात आणि शुगर खरोखर तीनशेच्या घरात जाते.

फवारा मारणारा पंप असेल तर असा घ्या. झाकण काढून पंप हलवा. नवीन असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर एक-दोन फवारे हवेत सोडा. पूर्ण श्वास बाहेर टाका. तोंडात धरून ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला लागताच एकदा दाबा आणि सावकाश, तीन-चार सेकंद लावून आत ओढा. दहापर्यंत मोजत श्वास रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन फवारे लागोपाठ मारले की दुसऱ्याचं औषध बहुतांशी जिभेवरच बसतं.

दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर घ्या, म्हणजे पंपाला लावायचा तो प्लास्टिकचा फुगीर डबा. म्हाताऱ्यांनी आणि मुलांनीच तो वापरायचा असा एक गैरसमज आहे. मी तर म्हणेन, रोजचा स्टेरॉइडचा फवारा प्रत्येकाने स्पेसरमधूनच घ्यावा. आठवड्यातून एकदा तो साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि न पुसता वाळू द्या. फडक्याने पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीलाच चिकटतात.

कॅप्सूल टाकून ओढायचा पंप असेल तर नियम उलटा: जोरात आणि खोल ओढायचं. कॅप्सूल गिळायची नसते; हे सांगावं लागतं, कारण गिळणारे भेटतात. त्या यंत्रात फुंकायचंही नाही, तोंडातली वाफ जाऊन भुकटीचा गोळा होतो. भुकटी गोडसर लागते म्हणून काही मधुमेही बिचकतात. ती चव लॅक्टोजची असते आणि त्याचं प्रमाण शुगर हलेल इतकं नसतं.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंका. घशातही गुळणी करा. हे सगळ्यांनाच सांगतात, पण शुगर असणाऱ्याने ते दात घासण्याच्या आधी बसवून टाकावं: आधी पंप, मग दात, मग चूळ. शुगर जास्त असेल तर तोंडात बुरशी लवकर धरते आणि जिभेवर-गालात दह्यासारखा पांढरा थर येतो.

आणि पंप रिकामा झाला का हे पाण्यात तरंगवून बघू नका. आकडा दाखवणारा पंप घ्या, किंवा सुरू केल्याची तारीख त्यावर चिकटवा.

पायरी चौथी: स्टेरॉइडच्या गोळ्या आल्या तर

झटक्यानंतर किंवा जोरदार ॲलर्जीनंतर थोड्या दिवसांसाठी या गोळ्या लागतात आणि त्या जीव वाचवतात, म्हणून नाकारायच्या नाहीत. फक्त त्यांचं वागणं माहीत हवं.

प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर घेतात. त्याने शुगर दुपारपासून चढू लागते, संध्याकाळपर्यंत सर्वांत वर असते आणि रात्रीतून उतरते. म्हणजे सकाळी उपाशीपोटी तपासलं तर आकडा जवळजवळ नेहमीसारखा दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासणं जास्त महत्त्वाचं. गोळ्या सुरू करतानाच शुगरच्या डॉक्टरांना फोन करून विचारा: आकडा कितीच्या वर गेला तर कळवू, आणि तोवर औषधात काही बदल करायचा का?

संध्याकाळचे साडेतीनशे बघून रात्रीचं इन्सुलिन मनाने वाढवणं ही इथली सगळ्यात धोकादायक चूक. रात्री स्टेरॉइडचा जोर ओसरतो, वाढवलेलं इन्सुलिन मात्र काम करत राहतं, आणि पहाटे तीनला शुगर कोसळते. तसंच, गोळ्या कमी होत गेल्या किंवा संपल्या की वाढवलेलं शुगरचं औषधही परत खाली आणावं लागतं. हा दुसरा फोन करायला लोक विसरतात.

पाच-सात दिवसांचा कोर्स असेल तर तो सांगितलेल्या दिवशी थांबवता येतो. तीन आठवड्यांहून जास्त चालला असेल तर डॉक्टर सांगतील तसा हळूहळू उतरवायचा.

“ॲलर्जीची सुई” मारून घेण्याआधी मला शुगर आहे हे तोंडाने सांगा. त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं, आणि हळूहळू झिरपणारं स्टेरॉइड असेल तर शुगर कित्येक दिवस वर राहते. खांदा आखडणं हे मधुमेहात फार आढळतं; त्यासाठी सांध्यात दिलेलं इंजेक्शनही याच हिशोबात येतं.

पायरी पाचवी: थरथर कशाची, धाप कशाची

निळा पंप घेतला की हात थरथरतात, छाती धडधडते. शुगर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो. तिन्ही आजार असलेल्या माणसाने अशा वेळी अंदाज बांधायचा नाही, बोट टोचायचं. आकडा ७० च्या खाली असेल तर शुगर उतरलेली आहे. ७० च्या वर असेल आणि नुकताच पंप घेतला असेल तर थोड्या वेळात शांत होईल. मशीन जवळ नसेल तर शुगर उतरली असं समजून उपाय करा. एकदा साखर जास्त झाली तर काही बिघडत नाही.

उपाय म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-बिस्कीट असं काहीतरी खा. तुमच्या शुगरच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (आपल्याकडच्या तिहेरी गोळ्यांत व्होग्लिबोज पुष्कळदा असतं) तर साधी साखर चालणार नाही. ती गोळी साखर फोडू देत नाही, म्हणून साखर किंवा चॉकलेट उशिरा लागू पडतं. ग्लुकोजच हवं. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा नाहीतर दुकानात विचारा.

धापेचंही तसंच. दम्याच्या धापेत श्वास सोडताना त्रास होतो, छातीत सूं सूं वाजतं, पीक फ्लो उतरतो. पण श्वास खोल आणि भराभर चाललाय, शिट्टी वाजत नाही, उलट्या होतायत, पोट दुखतंय, तोंडाला सडक्या फळासारखा वास येतोय, तर ते रक्तात आम्ल साठल्याचं लक्षण असू शकतं. त्याला पंप काय करणार? डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या चालू असताना हा प्रकार शुगर फारशी वाढलेली नसतानाही होऊ शकतो. म्हणून उलट्या-जुलाब होतायत किंवा जेवण जात नाही अशा आजारपणात या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. पाय सुजतायत आणि आडवं झाल्यावर धाप लागतेय, तर हृदय तपासून घ्या.

पायरी सहावी: इन्सुलिन नवं असेल तर

एकच गोष्ट ठासून सांगतो, बाकीचं नर्स दाखवतील. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली दर मिलीलीटरला ४० युनिटची मिळते आणि १०० युनिटचीही. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो: १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दरवेळी जुळवा, दुकानदाराने दिलं तरी.

पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून बघा, टोचल्यावर दहा मोजून मग सुई बाहेर काढा, आणि जागा बदलत राहा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरातलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात ‘बाहेर’ म्हणजे ओल्या वाळूतलं मातीचं मडकं असं समजा.

पायरी सातवी: ॲलर्जीची औषधं

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांनी शुगरला धक्का बसत नाही. पहिल्या दोन गोळ्यांनी झोप येते, आणि किडनी कमजोर असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट दाखवा. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्या; फळांच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही. बंद नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत फिनाईलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. त्या बीपी चढवतात, शुगरही. न विचारता घेऊ नका.

लेव्होसेटिरिझिनबरोबर माँटेलुकास्ट असलेली गोळी आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारखी खपते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०२० मध्ये माँटेलुकास्टवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात. बहुतेकांना काही होत नाही, पण घरच्यांना सांगून ठेवा. स्वभाव बदललेला आधी त्यांच्याच लक्षात येतो.

नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दोन दिवसांत गुण देत नाही. पूर्ण परिणामाला दोन आठवडेही लागतात. मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला. जोरात हुंगायचं नाही, नाहीतर औषध घशात उतरतं.

त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची तपासणी ठरली असेल तर साधारण आठवडाभर आधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. पंप आणि नाकाचा स्प्रे चालू ठेवतात. रक्ताच्या एका थेंबात शेकडो पदार्थांची ‘फूड ॲलर्जी’ सांगणाऱ्या आयजीजी पॅकेजवर पैसे घालू नका. त्यातून गहू, दूध, डाळी सगळं बंद करून बसलेला मधुमेही शेवटी जेवतो काय, हा प्रश्न उरतो. ॲलर्जीची लस म्हणजे इम्युनोथेरपी सुचवली असेल तर ती तीन ते पाच वर्षं चालते, दमा आटोक्यात असल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचं असतं. गंभीर ॲलर्जिक दम्यात ओमॅलिझुमॅबची इंजेक्शनं दोन किंवा चार आठवड्यांनी देतात. ती महाग आहेत, पण ज्यांना लागू पडतात त्यांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुटतात किंवा कमी होतात, आणि मधुमेहीला तो फायदा दुहेरी.

पायरी आठवी: घर आणि ऋतू

औषध बदललं तरी गादी तीच असेल तर अर्धाच फायदा. उशी-गादीला घट्ट विणीची चेनवाली खोळ, चादरी आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येते तिथे बुरशी. ती पुसताना दमेकऱ्याने घरात थांबू नये. खिडकीत कबुतरं असतील तर जाळी लावा, आणि विष्ठा कोरडी झाडू नका, भिजवून उचला. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. पावसानंतर ते फुलतं तेव्हा सकाळचा फेरफटका मोकळ्या प्लॉटवरून नेऊ नका. डासांची कॉइल, धूप, मिरचीची फोडणी, दिवाळीचे फटाके ही यादी तुम्हाला पाठ आहे. कॉइलऐवजी मच्छरदाणी, हे मात्र खरंच करा.

चालणं दोघांनाही हवं, दम्याला आणि शुगरलाही. निघताना एका खिशात निळा पंप, दुसऱ्यात ग्लुकोज. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं हळू चाला.

नवरात्र किंवा श्रावणी सोमवारचा उपास असेल तर पंप बंद करायचं काही कारण नाही, तो पोटात घेत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना मात्र उपास टाळा. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याचा लाडू यांनी शुगर जेवणापेक्षा जास्त उसळते.

फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, आणि न्यूमोकॉकलची, म्हणजे न्यूमोनियाची, डॉक्टर सांगतील तेव्हा. सर्दीतून दमा उठतो, दम्यातून स्टेरॉइड येतं, पुढचं वर सांगितलंच आहे.

कधी थांबायचं नाही

बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, ओठ निळसर दिसतायत, निळा पंप सांगितल्याप्रमाणे घेऊनही आराम नाही किंवा तासाभरात पुन्हा लागतोय, पीक फ्लो निम्म्याच्या खाली: १०८ ला फोन. वाट बघताना बसून राहा, आडवं होऊ नका, आणि स्पेसरमधून निळ्या पंपाचा एकेक फवारा घेत राहा. नव्या औषधानंतर ओठ-जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं आणि चक्कर आली, तरीही १०८. शुगर उतरून माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी किंवा ग्लुकोज ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवून रुग्णालय गाठा. शुगर सतत तीनशेच्या वर आणि सोबत उलट्या, तरीही.

रुग्णालयात नेताना पिशवी आणि वही सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात तीन गोष्टी सांगा: दमा आहे, शुगर आहे, अमुक औषधाची ॲलर्जी आहे. पेशंटला बोलता येणार नाही हे धरून घरातल्या दुसऱ्या कोणालातरी हे पाठ करायला लावा, आणि तोच मजकूर चिठ्ठीवर लिहून पेशंटच्या पाकिटात आधार कार्डामागे ठेवा.